विजयस्तंभावरची ४९ नावे आणि खडकीतल्या अस्थी

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की भावसिंगपुरा, उस्मानपुरा, मुकुंदवाडी, टीव्ही सेंटर अशा आपल्या शहरातल्या वस्त्यांमधून कोरेगाव भीमाच्या गाड्या ठरू लागतात. कुणी ट्रॅव्हल्स करतो, कुणी जीप, तरुण पोरं मोटारसायकलवर निळे झेंडे लावून निघतात. मागच्या वर्षी आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत अशीच वर्गणी चालू असताना नववीतल्या एका मुलानं मला विचारलं, "ताई, स्तंभाच्या खाली आपल्या सैनिकांच्या अस्थी आहेत का?"

मला उत्तर देता आलं नाही. तोपर्यंत मी चार वेळा १ जानेवारीला तिथं जाऊन आले होते. मानवंदना दिली होती, फोटो काढले होते, पुस्तकांच्या स्टॉलवरून पिशवी भरून पुस्तकं आणली होती. पण स्तंभावर नक्की काय लिहिलं आहे, हे मी कधी वाचलं नव्हतं. कारण साधं आहे. १ जानेवारीला स्तंभ फुलांनी आणि सजावटीनं मढवलेला असतो, रांग थांबू देत नाही, आणि ज्या संगमरवरी पाट्यांसाठी हा स्तंभ उभा आहे त्या पाट्या पाहायला सवड मिळत नाही. फेब्रुवारीतल्या एका रिकाम्या रविवारी पुन्हा गेले, तेव्हा पहिल्यांदा नावं वाचली. त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता जे हाती लागलं, ते इथे मांडते आहे.

स्तंभ नक्की कशाचा आहे?

आपण मराठवाड्यातून जातो तेव्हा अहिल्यानगर, सुपे, शिरूर, शिक्रापूर असा रस्ता असतो. या प्रवासातला शेवटचा टप्पा, म्हणजे शिरूर ते कोरेगाव, हीच त्या तुकडीची वाट होती, हे फारसं कुणी सांगत नाही. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री साडेआठच्या सुमारास कॅप्टन फ्रान्सिस स्टाँटन याच्या हाताखाली ईस्ट इंडिया कंपनीची तुकडी शिरूरच्या छावणीतून पुण्याच्या मदतीला निघाली. तिच्यात बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचे सुमारे ५०० शिपाई, अडीचशे-तीनशे घोडेस्वार, दोन तोफा आणि त्या चालवणारे मद्रास तोफखान्याचे २४ युरोपियन गोलंदाज होते. सगळे मिळून ८३४ च्या आसपास माणसं. रात्रभर चालून सकाळी ती तळेगाव ढमढेरेजवळच्या उंचवट्यावर आली, तेव्हा भीमेच्या पलीकडे दुसऱ्या बाजीरावाचं सैन्य पसरलेलं दिसलं.

पेशव्यांचं एकूण सैन्य २८ हजारांच्या घरात होतं, त्यात सुमारे २० हजार घोडदळ. हा आकडा आपण भाषणांतून नेहमी ऐकतो. मात्र गावावर प्रत्यक्ष चाल करून आलं ते पायदळ दोन हजारांच्या आसपास होतं. अरब, गोसावी आणि इतर शिपायांच्या सहाशे-सहाशेच्या तीन तुकड्या. लढाई कोरेगावच्या गल्ल्यांत, घरांच्या भिंतींआडून, दिवसभर चालली. आतल्या लोकांपुढे सर्वांत मोठा प्रश्न पाण्याचा होता. रात्रभर चालून आलेली माणसं, दिवसभर अन्न नाही, आणि नदी डोळ्यांसमोर असून तिच्यापर्यंत जाता येत नाही. एक तोफ हातची गेली, ती लेफ्टनंट पॅटिन्सन या जबर जखमी अधिकाऱ्यानं शिपायांसह परत मिळवली. रात्री नऊच्या सुमारास हल्ले थांबले. जनरल स्मिथची मोठी फौज मागून येत असल्यामुळे पेशवे तिथून निघून गेले. २ जानेवारीच्या रात्री स्टाँटननं पुण्याच्या दिशेनं जात असल्याचं भासवलं आणि जखमींना घेऊन तो उलटा शिरूरला परतला. मेलेले, जखमी आणि बेपत्ता धरून तुकडीतली २७५ माणसं कमी झाली होती. म्हणजे तिघांतला एक.

आता स्तंभ. तो कोरेगावात नाही, नदीच्या दुसऱ्या काठाला हवेली तालुक्यातल्या पेरणे गावच्या हद्दीत आहे. आपल्याकडून जाताना आधी लढाईचं गाव लागतं, मग भीमेचा पूल, मग स्तंभ. त्याची पायाभरणी २६ मार्च १८२१ रोजी झाली आणि शिलालेखात १८२२ हे साल रोमन आकड्यांत कोरलेलं आहे. लेख इंग्रजीत आणि मराठीत आहे. त्यात कोरेगावच्या बचावाची हकिकत आहे, स्टाँटनचं कौतुक आहे, आणि शेवटी सरकारनं हा स्तंभ का उभारला ते सांगितलं आहे: ज्या शूर सैनिकांमुळे हा दिवस मिळाला त्यांची आठवण राहावी म्हणून त्यांच्या पलटणींची, आणि मेलेल्या व जखमी झालेल्यांची नावं इथे कोरावीत, असा सरकारचा हुकूम आहे.

अस्थींचा उल्लेख त्या लेखात कुठेच नाही. स्तंभ नावांसाठी उभारलेला आहे आणि त्या मुलाच्या प्रश्नाला लेखाकडून मिळणारं उत्तर इतकंच आहे.

पण नावं ही छोटी गोष्ट नव्हती. कंपनीच्या लढायांनंतर अधिकाऱ्यांच्या नावे शिळा बसत, चर्चच्या भिंतीत पाट्या लागत. देशी शिपाई मात्र मृतांच्या आकड्यात जमा होत. इथे मृत म्हणून ४९ शिपायांची नावं आहेत आणि त्यांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. हा प्रत्यय त्या काळी महार पुरुषांच्या नावाला लागत असे. सोमनाक कमळनाक नाईक, रामनाक येसनाक, भागनाक हरनाक. पहिलं स्वतःचं नाव, दुसरं बापाचं; नाईक हा हुद्दा. म्हणजे त्या दगडावर २२ महार सैनिक आहेतच, शिवाय त्यांचे बापही आहेत, जे बहुधा गावकुसाबाहेरच्या घरात बसून पोराची वाट पाहत असतील. ज्या माणसाची सावलीसुद्धा पडू नये असं समाज म्हणत होता, त्याचं नाव बापाच्या नावासह सरकारी दगडावर लिहिलं गेलं. मला विचाराल तर या स्तंभाचं खरं वजन इथे आहे.

उरलेली नावं मराठा, राजपूत, मुस्लिम आणि ज्यू सैनिकांची आहेत. स्तंभाची देखभाल कंपनीनं सोपवली तीही याच लढाईत जखमी झालेल्या खंडोजी माळवदकर या जमादाराकडे. "पाचशे महारांनी अठ्ठावीस हजारांना हरवलं" हे वाक्य स्टेजवर टाळ्या घेतं, पण ते स्तंभावरच्या नावांशी जुळत नाही. मी हे आमच्या वस्तीत बोलले तेव्हा दोन-तीन जण नाराज झाले. त्यांची नाराजी मला कळते, कारण हे वाक्य ज्या दिवसांत जन्मलं तेव्हा आपल्याकडे अभिमानानं सांगण्यासारखं इतिहासाच्या पुस्तकात दुसरं काही नव्हतं. तरी माझं म्हणणं हेच आहे की २२ हा आकडा पुरेसा आहे. तो दगडात कोरलेला आहे आणि कुणाला खोडता येत नाही. ५०० चा आकडा आपण धरून बसलो तर समोरचा माणूस तो पाच मिनिटांत खोडतो आणि त्याबरोबर २२ जणही वादात वाहून जातात.

या नावांचा उपयोग आपल्या आधीच्या पिढ्यांनी कसा केला तेही पाहण्यासारखं आहे. १८९२ च्या सुमारास ब्रिटिशांनी महारांची सैन्यभरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये आणि शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० मध्ये सरकारकडे अर्ज करून भरती पुन्हा सुरू करण्याची मागणी केली. कांबळ्यांनी तर या स्तंभापाशीच सभा भरवल्या. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे आले. ते स्वतः सुभेदार रामजींचे पुत्र. ज्यांच्या रक्तानं साम्राज्य उभं राहिलं त्यांनाच साम्राज्यानं दाराबाहेर काढलं, हा त्यांचा मुद्दा होता आणि पुराव्याला हा दगड होता. पहिल्या महायुद्धात १११ वी महार पलटण उभी राहिली, पण १९२१ मध्ये ती मोडली. १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली तेव्हा तिच्या टोपीवरच्या बिल्ल्यात कोरेगावचा स्तंभ होता. स्वातंत्र्यानंतर तो काढला गेला.

२०१८ मध्ये लढाईला २०० वर्षं होत असताना जे घडलं, त्याबद्दल या संकेतस्थळावर पुष्कळ लिहून आलं आहे. चौकशी आयोग नेमला गेला, खटले झाले. इथे ते पुन्हा सांगत नाही.

अस्थी असल्या म्हणजेच स्मारक होतं का?

त्या मुलाच्या प्रश्नामागे आणखी एक प्रश्न होता. चैत्यभूमीला आणि दीक्षाभूमीला आपण जातो तिथे बाबासाहेबांच्या अस्थी आहेत, हे त्याला माहीत होतं. म्हणून जिथे अस्थी नाहीत ती जागा कमी महत्त्वाची का, असं त्याला वाटत होतं.

बौद्ध परंपरेनं या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केलेला आहे. चैत्यांचे प्रकार सांगताना पाली परंपरा शारीरिक, पारिभोगिक आणि उद्देशिक असे भेद करते. ज्यात शरीरधातू, म्हणजे अस्थी किंवा रक्षा आहे तो शारीरिक. ज्या वस्तूंचा बुद्धांनी वापर केला त्या, म्हणजे भिक्षापात्र, चीवर, बोधिवृक्ष, हे पारिभोगिक. आणि ज्यात दोन्हींपैकी काही नाही, केवळ स्मरणाच्या उद्देशानं उभारलेलं आहे, ते उद्देशिक. तिन्ही वंदनीय.

याचं उदाहरण पाहायला आपल्याला लांब जायला नको. वेरूळच्या दहाव्या लेण्यातला, लोक ज्याला विश्वकर्मा म्हणतात तो स्तूप, किंवा मकबऱ्यामागच्या डोंगरातल्या औरंगाबाद लेण्यांमधल्या चौथ्या लेण्याचा स्तूप पाहा. ते अख्ख्या खडकातून कोरून काढलेले आहेत, विटा रचून आत करंडक ठेवावा अशी ही बांधणीच नव्हे. तरी चौदाशे-पंधराशे वर्षांपासून आणि त्याहूनही आधीपासून लोक तिथे हात जोडत आले आहेत. दुसऱ्या बाजूला सांचीचा स्तूप आहे, जिथे सारिपुत्त आणि मोग्गलान यांच्या अस्थी मिळाल्या. त्या १८५१ मध्ये काढून इंग्लंडला नेल्या गेल्या, आणि स्वतंत्र भारतात परत आणून १९५२ मध्ये सांचीच्या नव्या विहारात ठेवल्या गेल्या.

मला मात्र या सगळ्यात भाजे लेणी जास्त जवळची वाटतात. मळवली स्टेशनवरून चालत गेलं की लेण्यांच्या एका कडेला १४ स्तूपांचा समूह दिसतो, पाच आत आणि नऊ बाहेर. ते तिथे राहून गेलेल्या भिक्खूंच्या स्मरणार्थ आहेत आणि त्यातल्या काहींवर त्या थेरांची नावं ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. मेलेल्या माणसाचं नाव दगडावर लिहून ठेवण्याची रीत इंग्रजांनी आपल्याला शिकवली नाही. सह्याद्रीत ती दोन हजार वर्षं जुनी आहे.

अस्थींवरून भांडण होणंही जुनंच. महापरिनिब्बान सुत्तात बुद्धांच्या अस्थींसाठी मगध, वैशाली, कपिलवस्तू आणि इतर गणराज्यांनी कुशिनारात दावा सांगितला आणि गोष्ट युद्धावर आली. तेव्हा द्रोण नावाच्या ब्राह्मणानं मध्ये पडून आठ समान वाटे केले. ज्यानं आयुष्यभर खंती सांगितली त्याच्या अस्थींसाठी तलवारी काढायच्या का, हा त्याचा सवाल होता.

खडकी: जिथे खरंच अस्थी आहेत

ज्यांना सैनिकांच्या अस्थी असलेलं स्मारक पाहायचं आहे, त्यांच्यासाठी ते पेरण्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. पुण्यात खडकीला, होळकर पुलाजवळ, मुळा नदीच्या काठी राष्ट्रकुल युद्धकबरी आयोगाची दफनभूमी आहे. आपल्या गाड्या पुण्यापर्यंत जातात, शनिवारवाडा, आगाखान पॅलेस बघतात. इथे कुणी थांबत नाही. मीही त्या फेब्रुवारीतल्या फेरीतच पहिल्यांदा गेले.

आत गेल्यावर आधी हिरवळ दिसते आणि तिच्यावर ओळीनं उभे केलेले सारख्या आकाराचे दगड. दुसऱ्या महायुद्धातले १,६६८ राष्ट्रकुल सैनिक इथे पुरलेले आहेत. पश्चिम आणि मध्य भारतातल्या ज्या गावांत, छावण्यांत कबरींची कायम निगा राखणं शक्य नव्हतं तिथून अवशेष उकरून एकत्र आणून ही दफनभूमी बनवली गेली. पहिल्या महायुद्धाचं वेगळं स्मारक त्याच आवारात आहे. देशभरच्या जुन्या कबरस्तानांत पडलेल्या १,८०० हून अधिक सैनिकांची नावं त्यावर आहेत, आणि त्यातल्या ६२९ जणांचे अवशेष जून १९६२ मध्ये मुंबईच्या शिवडी कबरस्तानातून इथे आणून पुन्हा पुरले आहेत. म्हणजे स्वतंत्र भारतात, गोऱ्या सैनिकांची हाडं मुंबईहून पुण्याला हलवून, नीट नावानिशी ठेवण्याचं काम झालं. मला त्याचा राग आला नाही, थोडं नवल वाटलं. मेलेल्या माणसाची इतकी काळजी घेता येते, हे पाहून.

प्रत्येक दगडावर नाव, हुद्दा, पलटणीचं चिन्ह, मृत्यूची तारीख आणि वय. काही दगडांच्या तळाशी घरच्यांनी लिहून पाठवलेली ओळ. वीस, बावीस, चोवीस अशी वयं वाचत गेलं की ते कोणत्या साम्राज्याचे होते हा विचार हळूहळू मागे पडतो.

पण मग दुसरा प्रश्न येतो. त्याच युद्धात, त्याच इस्पितळांत मेलेले हिंदुस्थानी सैनिक कुठे आहेत? हिंदू, शीख आणि आपल्यातल्या सैनिकांवर अग्निसंस्कार झाले, त्यामुळे कबर नाही. हे एक कारण झालं. कोहिमाच्या युद्धस्मारकात यावर वाट काढलेली दिसते: तिथे १,४०० हून अधिक कबरींसोबत, अग्निसंस्कार झालेल्या ९१७ हिंदू व शीख सैनिकांची नावं असलेलं वेगळं स्मारक आहे. देशाच्या आतल्या भागात, लढाईपासून दूर मेलेल्या अविभाजित हिंदुस्थानच्या २५ हजारांहून अधिक सैनिकांची आठवण मात्र दिल्ली आणि कराचीच्या स्मारकांत एकत्रित नोंदीवर भागवली आहे. एका माणसाला एक दगड, ही वागणूक त्यांना मिळाली नाही.

कबर नसणं हे एकच कारण नव्हतं. १९१७ मध्ये हा आयोग स्थापन झाला तेव्हा हुद्दा, वंश, धर्म यांत भेद न करता सर्व मृतांना सारखा मान, हे त्याचं तत्त्व होतं. एप्रिल २०२१ मध्ये आयोगानं स्वतःच नेमलेल्या समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. पहिल्या महायुद्धातल्या ४५ ते ५४ हजार मृतांची, मुख्यतः हिंदुस्थानी, आफ्रिकी, इजिप्शियन सैनिकांची, नोंद गोऱ्यांच्या बरोबरीनं झाली नाही; आणि किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसं नावानं नोंदलीच गेली नाहीत किंवा त्यांचं स्मारकच झालं नाही, असं त्यात म्हटलं आहे. यामागे त्या काळचा वंशभेद होता हेही मान्य केलं आणि आयोगानं माफी मागितली. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही 'मृत्यूनंतरही टिकणारी विषमता' या विषयावर निबंध लिहिले होते, तेव्हा हे आकडे हाताशी असते तर बरं झालं असतं. वेगळ्या स्मशानाच्या जागेसाठी आजही ज्या गावांत अर्ज करावे लागतात, तिथल्या लोकांना हा अहवाल समजावून सांगावा लागत नाही.

खडकीत आणखी एक पाटी आहे, तिच्यापाशी मी जास्त वेळ थांबले. पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतून आणलेले १९३ सैनिक. ते भारतात मेले आणि त्यांच्या कबरी एकतर सापडल्या नाहीत किंवा जपता येण्याजोग्या नव्हत्या. केनिया किंवा नायजेरियातल्या कुठल्या घरी काय निरोप गेला असेल, कोण जाणे. आपल्याकडेही १९६२, १९६५, १९७१ च्या युद्धांत बहुतेक जवानांचे अंत्यसंस्कार आघाडीजवळच होत आणि घरी तार येई, मागून सामानाची पेटी. तिरंग्यात गुंडाळलेलं शव गावापर्यंत आणण्याची पद्धत आज आपल्याला नेहमीची वाटते, पण ती कारगिलपासून, म्हणजे १९९९ पासून रूढ झाली. मराठवाड्यातल्या जुन्या वीरपत्नींशी बोलताना हे ध्यानात ठेवावं लागतं. त्यांच्यापैकी अनेकींनी नवऱ्याचं शेवटचं दर्शन घेतलेलंच नाही.

असई, आपल्या दाराशी

थोडक्यात एक गोष्ट आपल्या भागाची. भोकरदनच्या पुढे असई गाव आहे. जालना जिल्हा १९८१ मध्ये वेगळा होईपर्यंत तो भाग औरंगाबाद जिल्ह्यातच होता. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे आर्थर वेलस्लीच्या फौजेची शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई झाली. कंपनीच्या बाजूचे ४२८ मेले, १,१३८ जखमी झाले, आणि जखमींना अजिंठ्याला हलवावं लागलं. त्या मृतांत मद्रासकडचे देशी शिपाई मोठ्या संख्येनं होते. शिंद्यांच्या बाजूचे किती गेले याचे तर अंदाजच आहेत. वेलस्लीचं नाव जगभर गाजलं, रेजिमेंटांनी आपल्या निशाणांवर 'असई' लिहिलं. ज्यांनी तिथे प्राण दिले त्या शिपायांची यादी असलेला कोरेगावसारखा स्तंभ मात्र असईला नाही. पंधरा वर्षांनंतर भीमेकाठी जे झालं ते किती वेगळं होतं, हे असई पाहिल्यावर समजतं.

पंचशील म्हणायचं की सलामी द्यायची?

आपण स्तंभासमोर त्रिशरण-पंचशील घेतो. त्यातलं पहिलंच शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचं आहे. युद्धाच्या स्तंभासमोर ते म्हणताना आपल्याला काही खटकतं का? एका उपासिका ताईंनी हा प्रश्न मला स्तंभाच्या आवारातच विचारला होता. मी आता असं उत्तर देते की शील घेऊनच तिथे जावं, कारण मग आपण मारण्याचा गौरव करायला आलेलो नाही हे आपल्याच कानावर पडतं.

सम्राट अशोकाचा तेरावा शिलालेख या संदर्भात वाचावा. कलिंगच्या युद्धात दीड लाख लोक पकडून नेले, एक लाख मारले गेले, आणि त्याच्या कित्येक पट मेले, असं तो स्वतः सांगतो आणि त्याबद्दल खेद व्यक्त करतो. जिंकलेल्या राजानं दगडावर पश्चात्ताप कोरून ठेवल्याचं दुसरं उदाहरण सापडणं अवघड आहे. त्यातली एक गोष्ट मात्र बोचते. ओडिशात धौली आणि जौगड इथे, म्हणजे खुद्द कलिंगात, जे लेख कोरले त्यात हा तेरावा लेख नाही. ज्यांची माणसं मेली त्यांच्या डोळ्यांसमोर तो ठेवला नाही. आणि त्या लाखभर मृतांपैकी एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही.

कोरेगावातही पेशव्यांच्या बाजूनं पाच-सहाशे माणसं पडली असा अंदाज आहे. त्यांची नावं कोणत्याही दगडावर नाहीत. पगारासाठी लढणारे अरब होते, गोसावी होते, गावागावांतले गरीब शिपाई होते. पेशवाईबद्दल माझं मत कुठल्याही आंबेडकरी माणसाचं असेल तेच आहे. पण मृतांसाठी मेत्ता करताना मी बाजू पाहत नाही.

आपल्या घरात कुणी गेलं की आपण पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम करतो, त्यात गेलेल्याचं नाव घेतो. तेच स्तंभापाशी करावं, असा आमच्या अभ्यासिकेच्या मुलांचा ठराव झाला. ज्यांना करायचं असेल त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. १ जानेवारीला जरूर जा, पण त्या दिवशी महामार्गावरची वाहतूक वळवलेली असते, आपल्याकडून जाणाऱ्या गाड्या शिक्रापूरच्या आसपास थांबवून पुढे बसनं न्यावं लागतं, आणि वाचन होत नाही. नावं वाचायची असतील तर दुसरा कुठला तरी दिवस धरा. शहरातून अंतर २०० किलोमीटरच्या आसपास आहे. पहाटे पाचला निघालं तर स्तंभ आणि खडकी दोन्ही करून रात्री परत येता येतं. शिरूरला चहाला थांबा आणि मुलांना तिथून पुढचा रस्ता का महत्त्वाचा ते सांगा. जखमी पॅटिन्सन याच शिरूरात मेला. पाट्यांवरची अक्षरं जुनी आहेत, इंग्रजी स्पेलिंग त्या काळचं आहे, म्हणून मराठी यादी आधीच कागदावर लिहून न्या. खडकीत कबरींवरून चालू नका, हार-अगरबत्ती नेऊ नका. तिथली रीत शांतपणे फिरण्याची आहे. जयघोष पेरण्याला करा.

आम्ही २३ जण गेलो होतो, त्यातली १४ शाळकरी मुलं. स्तंभापाशी प्रत्येकानं दोन-तीन नावं वाचायची असं ठरलं होतं. आधी 'नाक'वाली वाचायची की ओळीनं, यावर थोडी कुजबुज झाली. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलानंच सांगितलं की दगडावर जशी आहेत तशीच वाचू. सगळी ४९ नावं वाचायला चार मिनिटं लागली.